उन्हात ठेवलेल्या बॅटऱ्या

माझं एक नाव अकोल्यापासून परतवाड्यापर्यंत चालायचं, आणि ते आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. लग्नाच्या शूटिंगची बोलणी सुरू झाली की गिऱ्हाईक विचारायचं, "जनान्यात कोण येईन? ते डाऊन बॅटरी तं नाई?" हे नाव ज्याच्यामुळे पडलं तो माणूस आता मातीत आहे. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तो जिवंत असताना मी त्याच्याबद्दल कुठेच वाईट बोलले नाही, त्यामुळे माझा वाटा शिल्लक आहे.

त्याला सगळे मामू म्हणायचे. नात्यानं तो कुणाचाच मामू नव्हता. अमरावतीत त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि लग्नाची शूटिंग हा त्याचा खरा धंदा. आमच्या मुसलमान घरांच्या लग्नात मर्दाना वेगळा, जनाना वेगळा, आणि जनान्याच्या पडद्याआड पुरुष शूटिंगवाला चालत नाही. म्हणून मामूला कॅमेरा धरणारी एक बाई पाहिजे होती. माझे अब्बा कूलरच्या वाळ्याच्या ताट्या भरायचे, मामूच्या दुकानातला कूलरही तेच बघायचे, त्या ओळखीवर मी तिथे लागले. घरात आम्ही हिंदी बोलायचो, दुकानात आणि कामावर मात्र वऱ्हाडीच, कारण गिऱ्हाईक सगळ्या जातीचं.

जनान्याच्या कॅसेटचा एक कायदा होता. ती कुठल्याच मर्दानं पाहायची नाही, शूटिंगवाल्यानंही नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत कडी लावून तिची सीडी मी एकटीच करायचे आणि कॅसेट, सीडी दोन्ही नवरीच्या आईच्या हातात नेऊन द्यायचे. मामूनं हा कायदा कधी मोडला नाही. त्याच्याबद्दल बरं बोलण्यासारखं एवढंच आहे, आणि पुढे तेच मला उपयोगी पडलं.

आता त्याच्या शहाणपणाचं सांगते. मामूचं लहानपण चांदूर बाजारकडच्या खेड्यात गेलेलं. तिकडे टॉर्चचे सेल उतरले की ते दिवसभर ओट्यावर उन्हात ठेवायची रीत होती. संध्याकाळी त्यांच्यात थोडा जीव यायचा, ओलिताला जाऊन येण्यापुरता उजेड पडायचा. आमच्या घरीही रेडिओचे सेल उन्हात असायचे, वऱ्हाडात कुणाच्या घरी नव्हते? पण हँडिकॅमच्या नव्या लिथियमच्या बॅटऱ्या आल्या तेव्हा मामूनं त्यांनाही तोच न्याय लावला. सेल काय अन् बॅटरी काय, जात एकच, असं तो म्हणायचा.

चिखलदऱ्याला त्याचा हा समज पक्का झाला. भर थंडीत एका नव्या जोडप्याचं शूटिंग होतं. धुक्यात दोघांना उभं केलं, कॅमेरा चालू केला आणि रात्रभर भरलेली बॅटरी क्षणात बंद पडली. मामूनं ती काढली आणि जीपच्या तापलेल्या बॉनेटवर ठेवली. थोड्या वेळानं लावली तर चालू. मामूला साक्षात्कारच झाला. तेव्हापासून कुठेही जाताना सगळ्या बॅटऱ्या जीपच्या पुढच्या काचेखाली मांडलेल्या असायच्या, डिसेंबरात तशा मे महिन्यातही.

ते कापसानं मार दिलेलं साल होतं. कापूस पडला की लग्नात पहिली कात्री जनान्याच्या कॅमेऱ्याला लागायची. मर्दान्याचा कॅमेरा राहायचा, बँडही राहायचा, बायकांचं शूटिंग मात्र कुणाला कशाला लागतं? अकोल्याच्या एका घरात नवरीची आई अडून बसली म्हणून मला बोलावणं आलं. मे महिना होता. बडनेरा, मूर्तिजापूर करत जीप अकोल्याला पोचली तोवर काचेखालच्या बॅटऱ्यांना हात लावला तर चटका बसत होता. चांगल्या, नव्या बॅटऱ्या मर्दान्यात गेल्या. दोन उन्हाळे शेकून निघालेल्या दोन माझ्या वाट्याला आल्या. दुपारपासून लोडशेडिंग, म्हणजे वायर लावायचीही सोय नाही.

रुखसतीची वेळ झाली. नवरीच्या डोक्यावर कुराण धरून तिला उंबऱ्याबाहेर काढतात, तो क्षण. आई पुढे आली, तिनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्या कॅमेऱ्याचा पडदा काळा झाला. आत्ता तर अर्धी भरलेली दाखवत होती. मी दुसरी लावली. तीही तितकीच दगाबाज निघाली. नवरी गाडीत बसून निघून गेली तेव्हा मी हातात काळा डबा घेऊन उभी होते.

आई मला एका शब्दानंही रागावली नाही. तिनं फक्त विचारलं, "मंग म्या तिच्या डोक्शावर हात ठेवला, ते नाई आलं?"

मी नाही म्हणून मान हलवली. नवरीचा बाप मामूवर चिडला होता, वरातीतले मागे राहिलेले लोक जमले होते. मामूनं माझ्याकडे बोट केलं आणि हसत सांगितलं, "बाईच्या हाती बॅटरी टिकत नाई. चालू करते, बंद करायचं ध्यानच नाई राहत." सगळे हसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि तीही हसत हसत.

परतताना मी त्याला सांगितलं की बॅटऱ्या जुन्या होत्या हे त्या घरी एकदा कळवा. एवढंच मागितलं, दुसरं काही नाही. मामूला गंमत वाटली. आपलं सामान खराब आहे असं कुणी गिऱ्हाईकाला सांगतं का, असं त्यानं मला समजावलं, अगदी मायेनं, बेटी म्हणून. काम पडलं की तो सगळ्यांना बेटी म्हणायचा. म्हणजे त्याला माहीत होतं की सामान खराब आहे. त्या वाक्याला मी आजपर्यंत माफी दिलेली नाही.

वऱ्हाडात नाव पडायला एक लग्न पुरतं, पुसायला पिढी जाते. पुढच्या हंगामात गिऱ्हाईक आपणहून म्हणायला लागलं की जनान्याचा कॅमेरा राहू द्या, तशीही तिची बॅटरी डाऊन होते. माझं कामच कमी होत चाललं. बडनेऱ्याहून मला बघायला आलेल्या एका बाईनं सरबताचा पेला हातात घेऊन हसत विचारलं की, शूटिंगवाली म्हणजे ती डाऊन बॅटरीच ना? त्या संध्याकाळी अब्बांनी ताटी इतकी कसून बांधली की ती कूलरमध्ये बसेना. मला रडू आलं नाही. मी मामूला पाण्यात पाहायला लागले.

नोकरी सोडली नाही. दुसरा स्टुडिओ मला घेणार नव्हता, आणि रागाला जवळ राहावं लागतं. मी माझी स्वतःची एक बॅटरी घेतली, मामूनं दुकानासाठी घेतली त्याच दिवशी, तशीच. त्याची जीपच्या काचेखाली गेली. माझी घरी, कूलरच्या वाऱ्यातल्या फळीवर, स्टीलच्या डब्यात. मोठी अक्कल चालवली असं नाही, आमच्या घरात तेवढीच एक गार जागा होती. लोडशेडिंगमुळे ती बरेचदा अर्धीच भरलेली पडून असायची, लग्नाच्या दिवशी सकाळी दुकानात नेऊन पूर्ण भरायची. उन्हाळा सरला तेव्हा दुकान रिकामं असताना मी दोन्ही पाठोपाठ लावून बघितल्या, कॅमेरा समोरच्या भिंतीवर रोखून. मामूची बसल्यावर माझी लावली. मामूची जेवढी चालली तेवढी चालून माझी पुढेही बराच वेळ चालत राहिली.

मग मी लक्षच ठेवलं. थंडीत चिखलदऱ्याला माझीही बॅटरी बंद पडली, पण काखेत धरून गरम केली की पुन्हा तेवढीच चालली. थंडीनं बॅटरी रुसते. समजूत काढली की परत येते. उन्हानं मात्र ती थोडी थोडी मरते, आणि मेलेला तुकडा परत येत नाही. त्यातही पूर्ण भरून उन्हात टाकली की लवकर मरते. फसवणूक अशी की उन्हात तापलेली बॅटरी त्या दिवशी जरा तरतरीत चालते. कामाला लागलेल्या पोरीसारखी, आतून काय जातंय ते त्या दिवशी दिसत नाही. आणखी एक गंमत होती. मरत आलेली बॅटरी चार्जरवर लवकर भरते, कारण मडकंच लहान झालेलं असतं. मामू ते बघून खूश व्हायचा. उन्हाचा गुण पाह्य, कशी पटकन भरून राहिली, असं गिऱ्हाईकांनाही दाखवायचा.

मी तोंडात मूग गिळून बसले. अकोल्याला एक निरोप गेला असता तर मी त्याच दिवशी सगळं सांगितलं असतं. निरोप गेला नाही. मग मी त्याचा शब्द पाळायला घेतला, आणि इतका पाळला की त्याच्या बायकोनंही कधी पाळला नसेल.

बॅटऱ्या जीपमध्ये कमी तापतात, मग दुकानाच्या पत्र्यावर टाकू का, असं मी विचारलं. मामूला कल्पना आवडली. भरून टाकू का, तेही विचारलं. भरूनच टाक बेटी, तो म्हणाला. मग मी रोज भरलेल्या बॅटऱ्या घेऊन वर जायचे. शेजारची बाई पत्र्यावर कुरडया घालायची, त्यांच्या बाजूला मी बॅटऱ्या मांडायचे. ती कुरडया उलटवायची तेव्हा मीही बॅटऱ्या उलटवायचे, एकच बाजू भाजू नये म्हणून. पत्र्यावर पाय ठरायचा नाही, मला मात्र तिथे बसून राहावंसं वाटायचं. कुणाचं काही चोरलं नव्हतं, खोटं बोललं नव्हतं, मालकाचं ऐकत होते. सूड एवढा आज्ञाधारक असू शकतो हे मला तेव्हाच कळलं.

मामूच्या मुलीचं लग्न ठरलं ते पत्र्यावरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यातच, परतवाड्याला, त्यांच्या जुन्या घरी. ती मला आपा म्हणायची. दुकानात येऊन माझ्याजवळ बसायची, माझ्या ओढणीला पिको करून आणायची. तिचं माझं काही वाकडं नव्हतं. तिच्या बाजूचं शूटिंग मी जीव ओतून करायचं ठरवलं होतं आणि केलंही. माझी बॅटरी कॅमेऱ्यात, नवी घेतलेली दुसरी पर्समध्ये रुमालात गुंडाळून, दोन्ही गार. मर्दान्यातला कॅमेरा मामूच्या पुतण्याकडे होता आणि दुकानातल्या सगळ्या बॅटऱ्याही त्याच्याकडे. लाईट गेलेली, मांडवाबाहेर जनरेटर धडधडत होता, त्यामुळे पुतण्या निवांत वायरवर शूटिंग करत होता.

निकाहचा वकील, म्हणजे नवरीच्या वतीनं बोलणारा माणूस, आणि साक्षीदार जनान्याच्या पडद्यापाशी येऊन नवरीची कबुली घेऊन गेले, ते मी पडद्याच्या अलीकडून व्यवस्थित घेतलं. आता नवरदेवाचा निकाह. काझीसाहेबांना त्या धडधडीत स्वतःचा आवाज ऐकू येईना, म्हणून त्यांनी जनरेटर बंद करायला सांगितला. सगळीकडे एकदम शांत झालं. मला वाटलं, आता.

पुतण्यानं बॅटरी लावली असणार, पडद्यावर भरलेली दिसली असणार, आणि ती बसली असणार. मग दुसरी. मी जनान्यात होते, मला यातलं काही दिसलं नाही, तरी सगळं डोळ्यांपुढे होतं. माझा कॅमेरा नवरीच्या चेहऱ्यावर होता. ती खाली मान घालून डोळे पुसत होती. तेवढ्यात पडद्याबाहेर चपलांचा आवाज आला, आणि मामूचा.

"बेटी," तो म्हणाला, "तुह्याजवळ बॅटरी हाय काय?"

नवरीनं मान वर केली. मी कॅमेरा हलवला नाही, बंदही केला नाही.

"थोडी उन्हात ठेवा, मामू," मी म्हटलं. "जीव येते तिच्यात."

कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळ्याच हसल्या. पडदा हलला नाही. मामू हळू आवाजात म्हणाला, "माह्या पोरीचा निकाह हाय."

"बाईच्या हाती बॅटरी टिकत नाई. तुमीच सांगतलं होतं अकोल्यात."

चपलांचा आवाज परत गेला. नंतर समजलं की पुतण्या त्या वेळी बॅटऱ्या जनरेटरच्या तापलेल्या पत्र्यावर शेकत होता. नवरदेवाचं कबूल, मामूनं जावयाला मारलेली मिठी, दुआ, यातलं काहीच कॅसेटवर आलं नाही. जनरेटर परत चालू झाला तेव्हा खजूर वाटणं सुरू होतं. माझ्या कॅसेटवर मात्र रुखसतीपर्यंत सगळं आहे, आईनं डोक्यावर हात ठेवला तेसुद्धा. मला अकोल्याच्या त्या आईची आठवण आली आणि मी तो हात जरा जास्तच वेळ घेतला.

अमरावतीला परतल्यावर मी मागच्या खोलीत कडी लावून सीडी करायला बसले. मामू बाहेर गल्ल्यावर होता. माझ्या कॅसेटवर मुलीच्या लग्नात बाप म्हणून तो कुठेच नव्हता, एका पडद्यामागच्या आवाजापुरता होता, आणि तो आवाज माझ्याकडे बॅटरी मागत होता. मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. मला इतकं बरं वाटलं की भूक लागली. थोड्या वेळानं मामूनं दारावर टकटक केली आणि आतला अंदाज घेत विचारलं, "माहा आवाज तं नाई ना आला त्याच्यात?"

"जनान्याची कॅसेट हाय, मामू," मी आतून सांगितलं. "मर्दाले कशी सांगू?"

त्याच्या चपला गल्ल्याकडे परत गेल्या. कायदा त्याचाच होता. कॅसेट आणि सीडी मी त्याच्या बायकोच्या हातात नेऊन दिली. पुढे वर्षभर ती सीडी परतवाडा, अमरावती, अकोला अशी बायकांच्या बैठकीत फिरली आणि प्रत्येक ठिकाणी त्या जागी हशा झाला. हळूहळू माझं नाव माझ्यावरून उठलं आणि जिथून आलं होतं तिथे जाऊन बसलं. शूटिंग कोणाची, त्या डाऊन बॅटरीवाल्या मामूची का, असं लोक विचारू लागले. मामूनं मला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. पुढच्या हंगामात मीच निघाले आणि स्वतःचा कॅमेरा घेतला.

इथे थांबता आलं असतं. पण यंदा मामू गेला आणि त्याचं चाळिसावं झाल्यावर मी अकोल्याला त्याच्या मुलीकडे भेटायला गेले. ऊन तापलं होतं. तिनं मला माठातलं पाणी दिलं, आत चहाचं आधण ठेवलं आणि खिडकीतला मोबाईल उचलून आणला, काहीतरी दाखवायचं म्हणून.

सीडीवरून तिनं तेवढाच तुकडा काढून घेतला होता. पडद्यावर नवरी खाली मान घालून बसली आहे. बाहेरून आवाज येतो, "बेटी." ती मान वर करते. तिथे तो तुकडा संपतो आणि पुन्हा सुरू होतो. बेटी. मान वर. बेटी. मान वर.

"अब्बूचा एवढाच आवाज हाय माह्याजवळ," ती म्हणाली. "पुढची तुमची मजाक काढून टाकली, आपा. बुरा नका मानू."

मजाक. दोन उन्हाळे पत्र्यावर पाय भाजून मी जे शिजवलं, त्याला ही मजाक म्हणत होती. आणि तो 'बेटी' शब्द तरी तिचा होता का? त्या दिवशी मामूनं बेटी म्हणून मला हाक मारली होती, काम पडलं तेव्हा मारायचा तशी. माझं उत्तर कापून टाकल्यावर ती हाक तिची झाली. माझ्या सूडाचं तिनं बापाचं प्रेम करून ठेवलं होतं आणि डोळे पुसत मलाच दाखवत होती. माझ्या कानशिलापर्यंत संताप चढला. अकोल्याच्या त्या लग्नात चढला होता, तेवढाच.

तेवढ्यात मोबाईल आपोआप बंद पडला. मी हातात घेतला तर चटका बसला. नवीन आहे पण बॅटरी टिकतच नाही, तुम्हाला यातलं समजतं, काय करू, असं तिनं विचारलं. मग स्वतःच म्हणाली की म्हणूनच खिडकीत उन्हात ठेवते, अब्बू सांगायचे.

"उन्हात नको ठेवू," मी म्हटलं. "उन्हानंच मरते बॅटरी. तुह्या लग्नातल्याबी उन्हानंच मेल्या."

तिनं विचारलं, "तुमाले मालूम होतं?"

"मालूम होतं. मीच टाकत होती त्या पत्र्यावर. भरून."

"अन् अब्बूले सांगतलं नाई?"

"नाई."

ती आत गेली, आणि गॅस बंद केल्याचा आवाज मला ऐकू आला. बाहेर येऊन तिनं माझ्या हातातला मोबाईल घेतला, खिडकीकडे बघितलं आणि तो माठाच्या मागे, सावलीत ठेवला. मी अजून थोडा वेळ बसले. चहा आला नाही.